गेमवर लिहिणाऱ्या पत्रकाराचा समाजाला उपयोग काय?

तुमचा प्रश्न मी असा वाचला: तुम्ही पत्रकारिता शिकताय आणि व्हिडिओ गेमवर लिहायची इच्छा आहे. पण वर्गात सांगतात की ही खेळण्यांची जाहिरात आहे, आणि मित्र म्हणतात की दहा-दहा तासांचा गेमप्ले यूट्यूबवर फुकट दिसत असताना रिव्ह्यू वाचतो कोण. तेव्हा या कामाचा समाजाला काही उपयोग आहे का, आणि यात पडावं का, असं तुम्ही विचारलंय.

या कामात माझी बरीच वर्षं गेली. सुरुवातीला समीक्षा लिहिल्या, मग बातमीदारी केली, आणि आता बहुतेक वेळ इतरांच्या मजकुरावर हात फिरवण्यात जातो. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमचे शिक्षक आणि मित्र वेगवेगळं बोलताहेत असं वाटतं, पण दोघांनी गृहीत एकच धरलंय: गेम पत्रकाराचं काम म्हणजे ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढं सांगणं. काम तेवढंच असेल, तर ते आज फारसं उरलेलं नाही हे मान्य. गेम कसा दिसतो, कसा चालतो हे कुणालाही दोन मिनिटांत बघता येतं. बघता येत नाही ते मागचं. तो बनवताना माणसं किती राबली? फुकट मिळणाऱ्या गेममधून पैसा कसा उभा राहतो, आणि तो कुणाच्या खिशातून? आज विकत घेतलेला गेम काही वर्षांनी उघडेल का? हे शोधून काढणारा कुणीतरी लागतो, आणि ते छापल्यावर कंपनीची मर्जी गेली तरी ज्याचं काम थांबणार नाही असा लागतो. माझ्या मते या पत्रकारितेचा सामाजिक उपयोग इथे आहे.

शिक्षकांचा आक्षेप मात्र हवेतला नाही, त्याला इतिहास आहे. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ आणि अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ ही मासिकं सुरू झाली तेव्हापासून या धंद्याची एक अडचण कायम आहे: ज्यांच्या मालाची समीक्षा करायची, जाहिरातीही त्यांच्याच. १९८८ मध्ये आलेलं ‘निन्टेंडो पॉवर’ तर कंपनीनं स्वतःच काढलेलं मासिक होतं, आणि असंख्य मुलांना तेच गेमचं पहिलं वाचन म्हणून मिळालं. २००७ च्या नोव्हेंबरात ‘केन अँड लिंच: डेड मेन’ या गेमला गेमस्पॉट या समीक्षेच्या संकेतस्थळावर तिथले संपादक जेफ गर्स्टमन यांनी दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी त्या साइटभर त्याच गेमच्या जाहिराती लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. करारामुळे त्यांना काही वर्षं त्यावर बोलता येत नव्हतं. २०१२ मध्ये मोकळीक मिळाल्यावर, या प्रकाराचा जाहिरातदारांच्या दबावाशी संबंध होता असं त्यांनी सांगितलं. तेव्हा वर्गात जे सांगतात ते या धंद्याच्या एका भागाबद्दल खरं आहे, आणि तुम्ही ते विसरू नये.

दबाव प्रत्येक वेळी इतका उघड नसतो. रोजचा दबाव एम्बार्गोच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी न छापण्याच्या अटीच्या, पत्रातून येतो. गेम बाजारात यायच्या एक-दोन आठवडे आधी कंपनी समीक्षकाला प्रत देते, सोबत अटींचं पत्र. अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही, ही अट रास्त आहे. तिच्यामुळे घाईघाईनं खरडलेल्या समीक्षा कमी होतात. पुढच्या अटी बारकाईनं वाचाव्या लागतात: चौथ्या प्रकरणानंतरचं चित्रीकरण दाखवायचं नाही, गेममधलं दुकान अजून सुरू नसेल, प्रकाशनाच्या दिवशी सुरू होईल, चाचणी फक्त याच यंत्रावर. घर बघायला बोलवावं आणि फक्त दिवाणखान्याचं दार उघडं ठेवावं, तसा हा प्रकार. आमच्याकडे नियम आहे की गेम कोणत्या यंत्रावर खेळला, प्रत कुणी दिली आणि काय बघायला मिळालं नाही, हे समीक्षेच्या वरच्याच भागात येतं. नवे लेखक याला कंटाळतात. मी तो परिच्छेद कधी गाळू देत नाही.

का, ते ‘सायबरपंक २०७७’ च्या प्रकरणात दिसतं. हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. आधी समीक्षकांना मिळाली ती पीसीवरची प्रत, आणि सुरुवातीला स्वतःचं चित्रीकरण दाखवायची परवानगी नव्हती. कंपनीनं दिलेली दृश्यं वापरायची होती. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या कन्सोलवर, म्हणजे फक्त गेमसाठी असलेल्या यंत्रांवर, गेमची काय अवस्था आहे, हे बाहेरच्या कुणालाच आधी बघायला मिळालं नाही. गेम हाती पडल्यावर त्या यंत्रांवर तो इतका मोडका निघाला की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं आठवडाभरात आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो पुन्हा विक्रीला आला २०२१ च्या जूनमध्ये. ज्या समीक्षांनी ‘कन्सोलवरची प्रत आम्हाला दिलेली नाही’ असं ठळक लिहिलं होतं, त्यांनी वाचकाला गुणांपेक्षा कितीतरी कामाची गोष्ट सांगितली होती.

गुणांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. समीक्षेतला आकडा वाचकापर्यंत जाऊन थांबत नाही, तो कामगाराच्या पगारापर्यंत पोचतो. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा गेम बनवणाऱ्या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या समीक्षांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, सरासरी ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता, गुण पडले ८४. हे स्टुडिओतल्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. म्हणून समीक्षकानं गुण वाढवून द्यावेत असं मी म्हणणार नाही. पण मजुरी जर अशा आकड्याला बांधलेली असेल, तर ती व्यवस्था लोकांसमोर मांडणं हेही पत्रकाराचंच काम आहे.

आणि कामगारांचा विषय हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या मोठ्या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदारानं ‘ईए स्पाउस’ (ईएचा जोडीदार) या नावानं ब्लॉग लिहिला. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस काम, आणि त्याचा वेगळा मोबदला नाही, असं त्यात होतं. त्या सुमाराला उभ्या राहिलेल्या दाव्यांमध्ये कंपनीनं आधी गेममधली चित्रं करणाऱ्या कलाकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि नंतर प्रोग्रामरना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली. मला यात खटकतं ते असं की हे एका घरच्या माणसाला लिहावं लागलं. गेमवर लिहिणारी मासिकं तेव्हा भरपूर होती, स्टुडिओंना भेटी देऊन त्यांची कौतुकं छापणारीही भरपूर होती. उशिरापर्यंत जळणारे दिवे त्यांच्याही वार्ताहरांना दिसत असणार, पण त्याचं वर्णन ‘ध्यास’ म्हणून व्हायचं.

पुढे हे बदललं आणि ते पत्रकारांनी बदललं. ऑगस्ट २०१८ मध्ये कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळावर सेसिलिया डॅनास्टेसियो यांनी रायट गेम्स या अमेरिकी कंपनीतल्या स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर दीर्घ वृत्तांत लिहिला. त्यासाठी त्या २८ आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलल्या होत्या. काही महिन्यांत दावा उभा राहिला. २०१९ मध्ये ठरलेली १ कोटी डॉलरची तडजोड अपुरी आहे असं कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणांनी म्हटलं, आणि अखेर २०२१ च्या डिसेंबरात १० कोटी डॉलरची तडजोड झाली. लढल्या त्या तिथे काम करणाऱ्या स्त्रिया, त्याचं श्रेय त्यांचंच. पण एकेकटीचा अनुभव सुटा राहतो; २८ जणांचं म्हणणं एका ठिकाणी आलं तेव्हा तो नमुना दिसायला लागला.

असा वृत्तांत प्रत्यक्षात कसा होतो ते जरा जवळून सांगतो, कारण वर्गात हे क्वचित शिकवतात. स्टुडिओतला कुणी निनावी संपर्क करतो तेव्हा आरोपांवर मी लगेच जात नाही. आधी साधं विचारतो: तुमची रोजची बैठक किती वाजता असते, तिला काय म्हणतात, बग (गेममधले दोष) कुठे नोंदवता, सुट्टीचा अर्ज कुणाकडे जातो? आत काम करणारा माणूस हे न अडखळता सांगतो. मग दुसरा माणूस शोधायचा, आणि तो पहिल्यानं सुचवलेला नको. गेमच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीतून आणि नोकरी सोडून गेलेल्यांमधून शोधावा. दोघांच्या म्हणण्यात तारीख, खोली, कोण काय बोललं हे कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही ते मांडायचं. कुणी कंपनीच्या मेलचा स्क्रीनशॉट पाठवला तर तो जसाच्या तसा छापत नाही. काही कंपन्या एकच मेल वेगवेगळ्या लोकांना एखादा शब्द किंवा स्वल्पविराम बदलून पाठवतात, म्हणजे बाहेर कुणी दिला ते कळतं. मजकूर आपल्या शब्दांत सांगायचा आणि सांगणाऱ्याची नोकरी वाचवायची. शेवटी कंपनीला मुद्देसूद प्रश्न पाठवून उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा. आलेल्या उत्तरानं आपली बातमी कमकुवत होत असली, तरी ते उत्तर छापायचं.

आता पैशाची यंत्रणा. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ येत होता तेव्हा खेळाडूंनी हिशेब मांडला की डार्थ व्हेडर हे स्टार वॉर्समधलं प्रसिद्ध खलपात्र मिळवायला सुमारे चाळीस तास खेळावं लागेल. प्रगती लूट बॉक्सला, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांना, बांधलेली, आणि लूट बॉक्स पैसे देऊन घेता येणारे. ओरड झाली, कंपनीनं पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या आणि प्रकाशनाच्या तोंडावर पैशांची खरेदीच तात्पुरती बंद केली. त्याच महिन्यात बेल्जियमच्या जुगार आयोगानं चौकशी हाती घेतली, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथे काही गेममधले लूट बॉक्स जुगार ठरले. संताप खेळाडूंचा होता आणि निर्णय नियामकाचा. मधल्या काळात ‘लूट बॉक्स म्हणजे काय, त्यात नशिबाचा भाग किती, पैसा कुठे शिरतो’ हे कधीच गेम न खेळलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिणारे या क्षेत्रातले पत्रकार होते. हे भाषांतराचं काम दिसायला छोटं आहे, पण ते झालं नाही तर आमदार-खासदार, न्यायाधीश आणि आईबाप अंदाजानं बोलत राहतात.

या बाबतीत समीक्षेची एक मर्यादाही लक्षात ठेवा. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड’ हा मुलंही आवडीनं खेळतात असा गेम जून २०१९ मध्ये आला. समीक्षा झाल्या, गुण मिळाले. खऱ्या पैशांनी गेममधली नाणी घ्यायची सोय त्यात ऑगस्टमध्ये घातली गेली. म्हणजे समीक्षकांनी जो गेम तपासला तो आणि मुलाच्या हातात आहे तो, हे दोन वेगळे. त्यामुळे एकदा समीक्षा लिहिली की संपलं, असं आता राहिलेलं नाही. गेमकडे परत जावं लागतं.

मुलांचा विषय आला की गेम पत्रकारावर दोन्हीकडून जबाबदारी येते. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या हिंसक गेमवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि त्यातून १९९४ मध्ये ईएसआरबी ही वयोगट ठरवणारी संस्था उभी राहिली. तेव्हापासून दर काही वर्षांनी घबराटीची लाट येते. गेम खेळणारे पत्रकार अशा वेळी बचावाला धावतात आणि बाकीचे आगीत तेल ओततात. दोन्हीनं घरातल्या माणसाला काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा दिली. त्यात ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला प्राधान्य मिळणं, नुकसान होत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण बारा महिने दिसणं अशा खुणा आहेत. ‘मुलगा रात्री दोनपर्यंत खेळला’ एवढ्यावरून कुणी व्यसन म्हणत असेल तर हे निकष समोर ठेवावेत. कुणी ‘असं काही नसतंच’ म्हणत असेल तरी हेच ठेवावेत. २०२१ मध्ये पीपल मेक गेम्स या चॅनेलनं रोब्लॉक्स या, वापरणाऱ्यांनीच गेम बनवायच्या व्यासपीठावर गेम बनवणाऱ्या मुलांच्या श्रमातून कंपनीला काय मिळतं आणि मुलांच्या हाती काय उरतं हे तपासलं, तेव्हा ‘गेम मुलांना बिघडवतो का’ या जुन्या वादापेक्षा कितीतरी नेमका प्रश्न समोर आला.

पीपल मेक गेम्स यूट्यूबवरच आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो, कारण तुमच्या मित्रांचा मुद्दा तिथे आहे. कॅमेरा की कागद यानं फरक पडत नाही. पैसे कोण देतो आणि ते प्रेक्षकाला सांगितलं जातं का, यानं पडतो. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’च्या प्रचारासाठी वॉर्नर ब्रदर्सनं लोकप्रिय यूट्यूबरना पैसे दिले होते, गेमबद्दल चांगलं बोला, दोष दाखवू नका अशा अटी होत्या आणि पैसे मिळाल्याचा उल्लेख बऱ्याचदा खालच्या, सहज न दिसणाऱ्या मजकुरात होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं यावर कारवाई केली आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. तुम्ही यूट्यूबवर काम करा की संकेतस्थळावर, मी तुम्हाला एकच विचारेन: ही बातमी कंपनीला आवडली नाही तर पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार?

अपंग खेळाडूंविषयीच्या लेखनाबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याचा उपयोग सांगायला फार शब्द लागत नाहीत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ मध्ये २०२० साली साठांहून अधिक सुलभता पर्याय होते, आणि दृष्टी नसलेल्या खेळाडूंनीही तो गेम पूर्ण केला. बटणं बदलता येतात का, उपशीर्षकं मोठी होतात का, रंगांशिवाय खुणा कळतात का, हे सामान्य समीक्षेत एका ओळीत उरकतं. ‘कॅन आय प्ले दॅट’सारख्या संकेतस्थळांवर अपंग लेखक हे सगळं स्वतः तपासून लिहीत आले आहेत.

स्मृतीचं कामही आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. अशा गेमबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं जुन्या मासिकांतून आहे. आणि मासिकंही जातात. १९९१ पासून निघणारं ‘गेम इन्फॉर्मर’ ऑगस्ट २०२४ मध्ये मालक कंपनीनं बंद केलं, आणि त्याच दिवशी संकेतस्थळावरचे सगळे लेख दिसेनासे झाले. २०२५ मध्ये नव्या मालकाकडे ते परत सुरू झालं हे चांगलं झालं, पण दर वेळी असा मालक मिळेल याची खात्री नाही. तुमच्या लेखांच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

यात पडावं का, हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्याचं सरसकट उत्तर मी देणार नाही. कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि कमी होताहेत. काही जणांनी स्वतःची घरं मांडली: कोटाकूच्या माजी पत्रकारांनी २०२३ मध्ये ‘आफ्टरमाथ’ काढलं, मालकी लेखकांचीच आणि पैसा वाचकांच्या वर्गणीचा. गर्स्टमन यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं ‘जायंट बॉम्ब’ हे संकेतस्थळ २०२५ मध्ये तिथल्याच माणसांनी विकत घेतलं. वर्गणीवर चालणारी जागा कंपनीला उत्तर द्यायला बांधील नसते, पण ती वाचकांच्या लहरीवर चालते, आणि वाचकही कधी कधी आवडत्या गेमविरुद्ध काही ऐकून घेत नाहीत. त्रासाचाही विचार करा. २०१४ च्या गेमरगेट या ऑनलाइन छळमोहिमेत गेमवर लिहिणाऱ्या आणि गेम बनवणाऱ्या स्त्रियांना धमक्या आल्या, काहींना घर सोडावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या लेखकाला पहिला लेख छापायच्या आधी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर इंटरनेटवर कुठे सापडतो ते शोधून काढून टाकायला सांगतो. तुम्हाला कायदेशीर मदत करणारा संपादक नसेल तर आतल्या माहितीवरचे वृत्तांत एकट्यानं करू नका. तोवर उघड कागदपत्रांवर काम करा, तेही पुष्कळ असतं.

आणि सुरुवात समीक्षेपासून करू नका. सहा-आठ महिन्यांपूर्वी आलेला, लोक अजून खेळताहेत असा एक गेम घ्या. प्रकाशनाच्या दिवसाच्या समीक्षा वाचा. मग आजचा गेम उघडून त्यातल्या दुकानाची प्रत्येक पडदाप्रतिमा (स्क्रीनशॉट) तारखेसह जपून ठेवा, आधी काय नव्हतं ते टिपा, कंपनीनं तेव्हा काय आश्वासनं दिली होती ती शोधा, स्टुडिओत मध्यंतरी किती जणांना कमी केलं याच्या बातम्या जुळवा. पाच-सहा नेमके प्रश्न कंपनीला पाठवा आणि उत्तराची वाट बघा. उत्तर आलं नाही तर ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहायचं आणि कधी विचारलं ती तारीख द्यायची. हा लेख संपादकाकडे पाठवताना सोबत तुमचे प्रश्न, पडदाप्रतिमा आणि मेल जोडा. माझ्याकडे असं पाकीट आलं की मी लेखाच्या आधी ते उघडतो.